हॅमट्रॅमकचे ‘गोरे’ आणि लोकसंख्येचा मनोरा

‘2045 पर्यंत अमेरिकेत गोरे अल्पसंख्य!’ ही बातमी अधूनमधून कुठल्या ना कुठल्या गटात येऊन पडते. सोबत हमखास विमानतळावरच्या रांगेचा फोटो. आकडा खोटा नाही, अमेरिकी जनगणना खात्याच्या 2018 च्या भविष्याविषयीच्या अंदाजातून तो आला आहे. दिशाभूल फोटो करतो. शहरं बदलण्याची सुरुवात विमानतळावर होते हे खरं, पण पुढचं बरंचसं काम प्रसूतिगृहात आणि दफनभूमीत चालतं.

मिशिगनमधलं हॅमट्रॅमक बघा. जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचं हे शहर जवळजवळ चहूबाजूंनी डेट्रॉइटने वेढलेलं आहे. डॉज कंपनीच्या मोटार कारखान्यासाठी पोलंडहून कामगार आले आणि 1930 मध्ये वस्ती 56 हजारांवर गेली. पुढे मुलं उपनगरांत पांगली, 1980 मध्ये कारखाना बंद पडला, आणि 2010 मध्ये उरले 22,423 लोक. मग 2020 ची जनगणना आली: 28,433. त्याच दशकात भोवतालच्या डेट्रॉइटने सुमारे 75 हजार माणसं गमावली होती. हॅमट्रॅमकमध्ये भर पडली ती मुख्यतः येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबांची. आज तिथे मशिदींची बांगही ऐकू येते आणि ईस्टरपूर्व उपवासांच्या तोंडावर पोंचकी नावाच्या पोलिश तळलेल्या गोड पदार्थासाठी बेकऱ्यांसमोर रांगाही लागतात.

शाळेतलं समीकरण आठवत असेल: जन्म वजा मृत्यू, अधिक आलेले, वजा गेलेले. त्यात एक गोष्ट लपलेली आहे, ती म्हणजे वय. स्थलांतर करणारी माणसं सरासरी माणसांसारखी नसतात. सत्तरीतले आजोबा सहसा देश सोडत नाहीत, विशी-तिशीतली माणसं सोडतात.

हिशेब करून बघू. आकडे माझ्या मनचे आहेत, फक्त यंत्रणा दिसावी म्हणून. एका शहरात 90 हजार जुने रहिवासी आणि 10 हजार नवे. दोन्हींत निम्म्या स्त्रिया. जुन्यांची वस्ती उतारवयाची, म्हणून त्यांच्या 45 हजार स्त्रियांपैकी 20 टक्केच, म्हणजे 9 हजार, मुलं होण्याच्या वयात आहेत. नव्यांच्या 5 हजार स्त्रियांपैकी 60 टक्के, म्हणजे 3 हजार. आता प्रत्येकीला सारखीच मुलं होतात असं धरा, एकही जास्त नाही. तरी त्या वर्षी जन्मलेल्या दर चार बाळांपैकी एक नव्यांच्या घरचं! लोकसंख्येत वाटा 10 टक्के, पाळण्यांत 25 टक्के. मृत्यूंचा हिशेब उलटा, ते बहुतेक जुन्यांकडे. म्हणजे उद्यापासून एकही विमान उतरलं नाही तरी शहर पंचवीस-तीस वर्षं बदलत राहणार. लोकसंख्येचा मनोरा (वयोगटांची आकृती: तळाशी मुलं, टोकाला म्हातारी माणसं) तळाशी रुंद की वरती, यातच पुढची दिशा ठरून गेलेली असते. लोकसंख्याशास्त्रात याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात, आणि मला तर तो न्यूटनच्या संवेगाइतकाच देखणा वाटतो.

प्रत्यक्षातला पुरावाही जबर आहे. 2018 मध्ये अमेरिकेतल्या गोऱ्यांमध्ये सर्वाधिक संख्येने आढळणारं वय होतं 58, तर हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिको वगैरे लॅटिन अमेरिकी मुळांच्या लोकांमध्ये, ते होतं 11. त्यामुळे ‘ते मुद्दाम ढीगभर मुलं जन्माला घालतात’ ही आरोळी (आपल्यालाही नवी नाही ती) पोकळ ठरते. हिस्पॅनिक स्त्रियांचा जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलं, 2007 च्या सुमारास 3 च्या आसपास होता, 2020 मध्ये तो 2 च्याही खाली आला. वय हा घटक कटापेक्षा पुष्कळ ताकदवान असतो.

याचा अर्थ विमानांना महत्त्व नाही असं मात्र नाही. गोऱ्यांचा मनोरा डोकेजड झाल्यामुळे देशभरात जन्म-मृत्यूंमधलं अंतर आटत चाललं आहे. डिसेंबर 2024 मध्ये जाहीर झालेल्या अंदाजात वर्षभरातली वाढ 33 लाख होती, आणि त्यातली 84 टक्के परदेशातून आलेल्यांमुळे. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसमधून अमेरिकन लोक इतर राज्यांत निघून जातात, ती घट काही अंशी हेच नवे लोक भरून काढतात. 1965 च्या स्थलांतर कायद्याने मूळ देशानुसार प्रवेशाचा कोटा ठरवण्याची पद्धत गेली नसती तर न्यूजर्सीतल्या एडिसनला मराठी मंडळींचे गणपतीही दिसले नसते.

आता पुन्हा ‘गोरे’. 2020 च्या जनगणनेच्या अर्जावर ‘गोरे’ या चौकटीखाली उदाहरणं छापली होती: जर्मन, आयरिश, इंग्लिश, इटालियन, लेबनीज, इजिप्शियन. येमेनी माणूसही याच चौकटीत मोजला जातो. म्हणजे हॅमट्रॅमकमध्ये पोलिश कुटुंब गेलं आणि येमेनी आलं, तर तक्त्यात बदल शून्य! उलटही घडतं. 2010 ते 2020 मध्ये ‘एकाहून अधिक वंशाचे’ लोक 90 लाखांवरून 3.38 कोटींवर गेले. दहा वर्षांत इतके आंतरवंशीय विवाह झाले नाहीत. प्रश्नाची मांडणी आणि उत्तरांची वर्गवारी बदलली, हे त्यामागचं मोठं कारण.

मार्च 2024 मध्ये मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेसाठी स्वतंत्र चौकट ठेवायचं ठरलं. तो निर्णय टिकला तर 2030 च्या जनगणनेत हॅमट्रॅमकचे ‘गोरे’ एकदम घटतील. त्या दिवशी कुणीही घर सोडलेलं नसेल, पण विमानतळाच्या फोटोसह बातमी मात्र नक्की येईल.