स्वस्त बर्बन : केंटकीचा मका, वॉशिंग्टनचा कायदा आणि नागपूरचा भाव

बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून गाळलेली अमेरिकन व्हिस्की, स्वस्त असते हे अमेरिकेत खरे आहे, नागपुरात अर्धेच. तिकडे दुकानाच्या खालच्या फळीवर असणारी बाटली धरमपेठेतल्या वाईन शॉपमध्ये स्कॉचच्या शेजारी मानाने उभी असते. भाव स्कॉचचा, म्हणून अपेक्षाही स्कॉचची. मग पहिल्याच घोटाला निकाल लागतो : गोड आहे, लाकडाचा वास मारते, पैसे गेले. हा निकाल घाईचा आहे. त्या बाटलीतली गोडी आणि लाकूड कुठून आले, हे आधी पाहायला हवे.

सुरुवात मक्यापासून. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या केंटकी प्रांतात वस्ती करणाऱ्यांना मका भरपूर पिकत होता, पण पूर्वेच्या बाजारपेठा ॲपालाचियन डोंगरांपलीकडे होत्या. धान्य वाहून नेण्यापेक्षा त्याची दारू गाळून पिंपे ओहायो आणि मिसिसिपी नद्यांवरून खाली न्यू ऑर्लीन्सला सोडणे परवडे. आपल्याकडे मोहाचे झाले तेच : हाताशी जे मुबलक, त्याचीच दारू, आणि तिच्यावर सरकारचा डोळा. अमेरिकेत १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर बसला आणि १७९४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांच्या बंडावर खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनला फौज काढावी लागली.

पिंप आतून जाळण्याची युक्ती एलायजा क्रेग नावाच्या धर्मोपदेशकाची, असे सांगतात. गोष्ट छान आहे, पुरावा नाही. जेम्स क्रो या स्कॉटिश माणसाचे काम त्यापेक्षा ठोस. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने केंटकीच्या भट्टीत मोजमाप आणले आणि मागच्या खेपेचे उरलेले आंबट पाणी पुढच्या आंबवणीत घालण्याची पद्धत नीट बसवली. दिसायला हे विरजण लावण्यासारखे, पण त्यात जिवंत यीस्ट नसते. कामाला येते ती आम्लता : नको ते जिवाणू दबतात आणि एक खेप दुसरीसारखी निघते. आजही जवळपास प्रत्येक बर्बन अशीच बनते, त्यामुळे लेबलावर ‘सावर मॅश’ मोठ्या अक्षरांत छापलेले पाहून भारावून जायचे कारण नाही.

खरा बदल भेसळीने घडवला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कच्च्या स्पिरिटमध्ये रंग आणि अर्क मिसळून त्याला जुनी व्हिस्की म्हणून विकणारे व्यापारी माजले होते. १८७० मध्ये ‘ओल्ड फॉरेस्टर’ ही बर्बन सीलबंद बाटलीतूनच विकायला निघाली, ती याच अविश्वासामुळे. १८९७ मध्ये ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा आला : एकाच भट्टीची, एकाच हंगामाची, सरकारी देखरेखीखाली किमान चार वर्षे मुरलेली आणि ५० टक्के अल्कोहोलची व्हिस्की. पुढे १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी व्हिस्की कशाला म्हणायचे याचाही निवाडा दिला.

१९२० ते १९३३ ही दारूबंदीची वर्षे. त्या काळात मोजक्या कंपन्यांना औषध म्हणून व्हिस्की विकायची मुभा होती. यावर नागपूरकराने हसू नये. महाराष्ट्रात मद्यपानाचा परवाना कागदोपत्री आरोग्य राखण्यासाठीच मिळतो, आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर तोही कामाचा नाही. बंदी उठल्यानंतर, १९३० च्या दशकात, नवे आणि आतून जाळलेले ओकचे पिंप सक्तीचे झाले. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बर्बन हे खास अमेरिकेचेच उत्पादन असल्याचा ठराव केला.

आजचा नियम असा : धान्यात किमान ५१ टक्के मका, पिंपात भरताना अल्कोहोल ६२.५ टक्क्यांहून जास्त नाही, बाटलीत ४० टक्क्यांहून कमी नाही, आणि पाण्याखेरीज वरून काही घालायचे नाही. ‘स्ट्रेट’ लिहिले असेल तर किमान दोन वर्षे मुरलेली. चार वर्षांच्या आतली असेल तर वय छापावेच लागते.

माझ्या मते स्वस्त बर्बनची सगळी पत या नियमांत आहे. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीचा पाया बहुधा मळीचे किंवा धान्याचे चवहीन स्पिरिट असतो. रंग आणि चव नंतर येते. बर्बनमध्ये तळाच्या बाटलीलाही ती पळवाट नाही. शिवाय एकाच कंपनीची स्वस्त आणि महाग बाटली पुष्कळदा एकाच धान्यमिश्रणातून निघते, फरक मुरण्याच्या वर्षांचा आणि गोदामातल्या जागेचा. जिम बीम या कंपनीची पांढऱ्या लेबलाची साधी बाटली चार वर्षांची असते. १९७० च्या दशकात अमेरिकन गिऱ्हाईक व्होडकाकडे वळले, गोदामे भरून राहिली आणि चांगला जुना मालही साध्या बाटलीत मातीमोल गेला. स्वस्त बर्बन भारी असते ही ख्याती बरीचशी त्या मंदीची देणगी आहे. आता मागणी वाढली, तसे काही लेबलांवरून वयाचे आकडे गळाले. एलायजा क्रेगच्या नावाच्या बाटलीवरचे १२ वर्षे २०१६ मध्ये गेले.

चाखताना म्हणून स्कॉचचा धूर शोधू नये. व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वास नव्या पिंपाचा, गोडी मक्याची, मिरीसारखा तिखटपणा मिश्रणातल्या राय (rye) या धान्याचा. एकदा वापरलेली ही पिंपे पुढे स्कॉटलंडला आणि भारतीय सिंगल माल्टवाल्यांकडेही जातात, तेव्हा स्कॉच पिणाऱ्याला हा व्हॅनिला अगदीच परका नसतो. दोष ओळखायचे ते असे : नेलपॉलिशसारखा झोंबणारा वास, कच्च्या कणसाची चव, घोट गेल्यावर जिभेवर उरणारा लाकडाचा कोरडा कडवटपणा. नुसते गोड असणे हा दोष नव्हे. बर्फात बुडवून किंवा कोकमध्ये घालून मात्र कोणतीही बाटली पास होते.

परदेशी पुस्तकांतला ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला नागपुरात मे महिन्यात पाळू नका. बाहेर ४५ अंश असताना ग्लासातून अल्कोहोलच आधी नाकात शिरते. बाटली थोडी गार करावी, दोन-चार थेंब पाणी घालावे, नाक ग्लासात न खुपसता तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा. आणि हे सगळे सावजी रश्श्याच्या आधी. नंतर जीभ साक्ष देण्याच्या स्थितीत नसते.

राहिला भाव. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरील आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणले. त्यावर राज्याचा कर आणि विक्रेत्यांचा नफा चढतोच, त्यामुळे दुकानातला भाव त्याच प्रमाणात उतरेल असे धरून चालू नये. म्हणून निकाल दोनदा लावावा : एकदा भाव न पाहता, ग्लासात जे आहे त्याचा, आणि मग एमआरपी पाहून. पहिल्यात पास आणि दुसऱ्यात नापास होणाऱ्या बाटल्या नागपुरात बऱ्याच सापडतील. ती नापासी केंटकीच्या खात्यावर टाकू नये. परमिट रूममध्ये एक पेग घेऊन पाहावा, खंब्याचे नंतर ठरवावे.