दोन आयुर्विमा पॉलिसी, पण दावा एकच?

दोन कंपन्यांकडे आयुर्विमा असला तरी पैसे एकीकडूनच मिळतात, हा समज चुकीचा आहे. नुकसानीएवढीच भरपाई हे तत्त्व आगीच्या किंवा वाहनाच्या विम्याचं. जिवाची किंमत बिलावरून ठरत नाही, म्हणून प्रत्येक कंपनी ठरलेली रक्कम पूर्ण देते. इंग्लंडमध्ये १८५४ च्या डॅल्बी खटल्यापासून हे पक्कं आहे. ५० आणि ३० लाखांच्या पॉलिसी असतील तर ८० लाख मिळतात.

दावा अडतो तो बहुधा प्रस्ताव अर्जामुळे. दुसरी पॉलिसी घेताना आधीच्या विम्याची रक्कम लिहाच. एकूण विमा उत्पन्नाशी ताडूनच कंपनी जोखीम पत्करते. आधीचा विमा दडवला तर दावा फेटाळला जाऊ शकतो. अर्ज एजंटने भरला असेल, तर सहीआधी हा रकाना स्वतः वाचा. वारसांनी प्रत्येक कंपनीकडे स्वतंत्र दावा करायचा, त्यामुळे मृत्यूच्या दाखल्याच्या जास्त प्रती काढाव्यात.