जांभळी कळी म्हणजे जास्त नशा? अजिबात नाही

कॅलिफोर्नियाच्या ग्रँडडॅडी पर्पल ह्या गांजाच्या वाणाबद्दल वर्षानुवर्षं ऐकतोय, कळी जेवढी जांभळी तेवढी नशा आणि झोप जास्त. हे साफ चुकीचं आहे. तो रंग अँथोसायनिनचा, म्हणजे जांभळात, वांग्याच्या सालीत असतं तेच, त्याने नशा चढत नाही, रात्री गारठा पडला की रंग अजून खुलतो एवढंच. नशा आणणारं मुख्य द्रव्य टीएचसी, ते बनतं कळीवरच्या बारीक चिकट ग्रंथींमध्ये. ग्रँडडॅडी पर्पल हा पर्पल अर्कल आणि बिग बड ह्या दोन वाणांचा संकर मानतात, त्याचा द्राक्षं-बेरीसारखा गोड वासपण रंगातून येत नाही, मायर्सीनसारखी टर्पीन, म्हणजे झाडातली वासाची द्रव्यं, आणि इतर उडून जाणारी द्रव्यं मिळून तो बनतो. अंग सैल पडणं, डोळे मिटायला लागणं हे मुख्यतः टीएचसी किती शरीरात गेलं आणि घेणारा किती सरावलेला ह्यावर ठरतं, त्यामुळे साधी हिरवी कळीपण जांभळीपेक्षा कडक निघू शकते, आणि नुसता रंग बघून जादा पैसे मोजणाऱ्यांचं खरंच वाईट वाटतं, कॅलिफोर्नियातल्या कायदेशीर दुकानात लॅब टेस्टचे आकडे पाकिटावरच असतात, ते आधी बघा ना.