जाळ्याचं दार कुठं धरायचं?

पावसाचा जोर वाढला की कोल्हापुरात जो तो एकच विचारतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं? ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये हा आकडा ५५ च्याही पुढं गेला होता. पण त्या बंधाऱ्यावर उभं राहून पूर कमी करता येत नाही. पंचगंगेला आवर घालायचा तर वर जावं लागतं, भोगावतीवरच्या राधानगरीला आणि तुळशी, कुंभी, कासारीवरच्या धरणांना. पाणी मोजायची जागा एक, अडवायच्या जागा वेगळ्या.

गुंतागुंतीच्या जाळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांपुढं नेमका हाच पेच असतो. पेशीतली जनुकं, मेंदूतल्या चेतापेशी, विजेचं ग्रिड ही सगळी जाळीच. त्यातल्या हजारो बिंदूंपैकी कमीत कमी कोणते हातात घेतले, तर अख्खं जाळं हव्या त्या स्थितीत नेता येईल?

यांग-यू लियू, जाँ-जाक स्लोटिन आणि आल्बर्ट-लास्लो बाराबाशी या संशोधकांनी २०११ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात याचं उत्तर मांडलं. पाया होता चिंग-ताई लिन यांच्या १९७४ च्या गणिताचा. नियम ऐकायला अगदी साधा आहे. प्रत्येक बिंदूनं आपल्या पुढच्या फार तर एकाच बिंदूची जबाबदारी घ्यायची. अशा जोड्या जास्तीत जास्त लावून झाल्यावर ज्यांना कुणीच वाली उरत नाही, ते ‘चालक बिंदू’. तिथं बाहेरून हात घालावाच लागतो.

आपल्या नद्यांना हा नियम लावून बघा. प्रत्येक नदी पुढं एकाच प्रवाहाला मिळते, त्यामुळं खालच्या प्रत्येक टप्प्याला वाली मिळतो. बिनवाली राहतात ती चार उगमाकडची टोकं, आणि धरणं आहेत तीही त्याच चार नद्यांवर. पंचगंगेतली पाचवी मानली जाणारी गुप्त सरस्वती या हिशेबात धरलेली नाही.

आता उलटं चित्र. उसाला पाणी पाजताना एका पाटाला तीन फाटे फुटलेत. पाटाच्या तोंडाशी पाणी कितीही कमी-जास्त केलं, तरी फाट्यांतली वाटणी त्याच प्रमाणात राहणार. एका फाट्याला जास्त आणि दुसऱ्याला कमी द्यायचं, तर फाट्यावर जाऊनच दारं धरावी लागतात. गणितही तेच सांगतं. पाट एका फाट्याचा वाली होतो, उरलेल्या दोघांना आपापला माणूस हवा.

म्हणूनच सर्वाधिक दुवे असलेला बिंदू ताब्यात घेतला की जाळं ताब्यात आलं, ही समजूत टिकत नाही. चालक बिंदू बहुतेकदा अशा गजबजलेल्या केंद्रांच्या बाहेरच सापडतात. जनुक-नियंत्रणाच्या जाळ्यांत तर सुमारे ८० टक्के बिंदू चालक निघाले. काही सामाजिक जाळ्यांत हेच प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं.

हे नुसतं कागदावर राहिलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. ‘सी. एलेगन्स’ हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा कृमी. त्याच्या ३०२ चेतापेशींची जोडणी पूर्ण माहीत आहे. तिच्यावर हेच गणित चालवून संशोधकांनी अंदाज बांधला, की ‘पीडीबी’ ही एकच पेशी गेली तरी कृमीच्या हालचालीवरचं नियंत्रण घटेल. तोवर हालचालीतलं तिचं काम कुणाला ठाऊक नव्हतं. लेझरनं ती पेशी नष्ट केली, तेव्हा कृमीच्या शरीराच्या मोठ्या वळणांचा कल खरोखरच बदलला. २०१७ मध्ये हेही ‘नेचर’मध्येच आलं.

या गणितावर आक्षेपही आहेत, आणि ते वजनदार आहेत. प्रत्येक बिंदूची स्वतःची अंगभूत गती, म्हणजे बाहेरून हात न लावताही त्याचं आपोआप बदलत राहणं, हिशेबात धरली, तर काही जाळ्यांना तत्त्वतः एकच चालक पुरतो, असं २०१२ मध्ये दुसऱ्या एका गटानं दाखवलं. पण ‘तत्त्वतः’ या शब्दात बरंच काही दडलेलं असतं. चालक जितके कमी, तितकं प्रत्येकावर जास्त बळ खर्चावं लागतं, आणि साखळी लांबत गेली की ते बळ पटीपटीनं वाढतं. त्यामुळं आता संशोधक चालकांच्या संख्येबरोबर लागणाऱ्या ऊर्जेचाही हिशेब मांडतात.