खाओ सोकला जायचंय? मग तिकिटाआधी कागदांवरची नावं जुळवा

थायलंडला जाणारी कोल्हापूरची मंडळी आता बँकॉक-पट्टायावर थांबत नाहीत. बरेच जण सुरत थानी प्रांतातल्या खाओ सोक राष्ट्रीय उद्यानाची चौकशी करतात. 1980 साली घोषित झालेलं, 739 चौरस किलोमीटरचं हे सदाहरित वर्षावन आहे. रत्चप्रफा धरणामुळे तिथं 165 चौरस किलोमीटरचा चेऊ लान तलाव तयार झाला. पाण्यातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे सुळके आणि तराफ्यांवर तरंगणाऱ्या राहण्याच्या खोल्या बघायला लोक जातात. जाण्यासारखी जागा आहे, यात शंका नाही.

पण ही सहल जंगलात फसत नाही, ती इथंच फसते. विमानाची सवलत दिसली की तिकीट आधी काढलं जातं आणि पासपोर्ट ‘होईल की महिन्याभरात’ म्हणून मागं ठेवला जातो. मग फाईल अडते, तिकिटाचे पैसे बुडतात आणि घरात एकमेकांवर चिडचिड सुरू होते. म्हणून आधी कागद बघा, मग पासपोर्ट काढा आणि तिकीट सगळ्यात शेवटी.

पासपोर्ट: अर्ज सोपा, कागद अवघड

अर्ज ‘पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावर किंवा एमपासपोर्ट सेवा ॲपवर भरायचा. मोठ्या माणसाच्या 36 पानी साध्या पासपोर्टला 1500 रुपये, तत्काळला 3500, लहान मुलांना 1000. पैसे ऑनलाइन भरून तारीख घ्यायची आणि मूळ कागद व झेरॉक्स घेऊन कोल्हापूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जायचं. फोटो आणि बोटांचे ठसे तिथंच घेतात. सरकारीसारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत. फी यापेक्षा जास्त मागितली की तिथंच थांबा.

एवढं सगळ्यांना जमतं. अर्ज परत येतात ते नावांमुळे.

आपल्याकडं शाळेत नाव ‘दादासाहेब’ लागलेलं असतं, आधारवर ‘दादासो’ आणि पॅनवर नुसतं ‘दादा’. आण्णासो, बाळासो, बापूसो यांची हीच गत. गावात सगळ्यांना ठाऊक असतं की माणूस एकच आहे, पण खिडकीपलीकडच्या संगणकाला ती तीन माणसं दिसतात. बायकांच्या नावात कुठं ‘बाई’ असते, कुठं ‘ताई’, कुठं दोन्ही नसतात. वडिलांच्या नावातही हाच घोळ असतो आणि तो कुणी तपासत नाही, कारण सगळे स्वतःच्या नावाकडंच बघतात. पाटीलची इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरी, असंही नेहमी निघतं.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे. आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला आणि बँकेचं पासबुक टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. शाळेच्या दाखल्यात बदल करून घेणं सगळ्यात वेळखाऊ, त्यामुळं शक्यतो दाखला पाया धरा आणि आधार-पॅन त्याप्रमाणं करून घ्या. फरक मोठा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो, पण तो कागद पुढं आयुष्यभर उपयोगी पडतो.

आधारचं एक लक्षात ठेवा. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. केंद्रावरचा मुलगा घाईत काहीतरी टाइप करतो, आपण पावती न वाचता सही करतो आणि एक संधी वाया जाते. पावती हातात घेऊन तिथंच वाचा. मागं रांग असली तरी वाचा.

जन्मतारखेचा घोळ आई-वडिलांच्या पिढीत जास्त. शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून लावला, म्हणून पन्नाशी-साठीच्या कितीतरी माणसांचा वाढदिवस 1 जूनलाच येतो. त्यातच आधार काढताना फक्त साल सांगितलं गेलं आणि तिथं 1 जानेवारी पडली. दाखला आणि आधार यांत असा फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मगच पासपोर्टचा अर्ज भरा. अर्ज भरून झाल्यावर दुरुस्तीला धावणाऱ्यांचे फार हाल होतात.

लग्न झालेल्या बायकांसाठी

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असा पासपोर्टचा नियम नाही. माहेरच्या नावानं पासपोर्ट मिळतो आणि डिसेंबर 2016 पासून नव्या अर्जाला लग्नाचा दाखला सक्तीचा नाही. अडचण येते ती अर्धं माहेरचं, अर्धं सासरचं असलं की. आधार सासरच्या नावावर, पॅन माहेरच्या आणि पासबुकावर भलतंच. एक नाव ठरवा आणि सगळे कागद त्या नावावर आणा.

अर्जात एक प्रश्न असतो: तुम्ही कधी नाव बदललंय का? बरेच अर्ज दुसराच कुणीतरी भरून देतो, आणि तो विचारल्याशिवाय ‘नाही’वर टिचकी मारतो. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा आणि अर्ज सासरच्या नावाचा असेल तर उत्तर ‘होय’च आहे, जुनं नावही लिहायचं. ‘नाही’ लिहिलं तर कागद खरे असूनही माहिती चुकीची ठरते.

आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव आणि त्यापुढं मधलं नाव, दुसऱ्या रकान्यात फक्त आडनाव. विमानाचं तिकीटही याच क्रमानं, पासपोर्टवर असेल तसंच काढायचं.

मुलांचा जन्मदाखला

1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. इथं एक गोष्ट ऐनवेळी लक्षात येते. दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं, त्यामुळं दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरीच राहिली. आई-वडिलांचं नाव आहे, तारीख आहे, बाळाचं नावच नाही. असा दाखला चालत नाही. जिथं जन्म नोंदला, त्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज करून नाव घालून घ्या आणि नवीन प्रत काढा. जन्म सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा शहरातल्या दवाखान्यात झाला असेल तर नोंद शहरातच असते. गावच्या ग्रामसेवकाकडं हेलपाटे घालून उपयोग नाही.

मुलाच्या अर्जाला आई आणि वडील दोघांची संमती लागते, त्यासाठी परिशिष्ट ‘डी’ भरायचं. एकाचीच सही मिळण्यासारखी असेल, तर परिशिष्ट ‘सी’. नवरा-बायको वेगळे राहत असतील तर बाईला खिडकीवर ‘नवऱ्याला घेऊन या’ असं तोंडी सांगून परत पाठवल्याचं ऐकू येतं. ‘सी’ याचसाठी आहे. ते भरून न्या आणि शांतपणे पुढं ठेवा. मुलांचा पासपोर्ट सहसा पाच वर्षांचाच असतो, त्यामुळं मोठ्यांचा चालू असला तरी मुलांच्या पासपोर्टची तारीख वेगळी बघा.

पोलीस पडताळणी आणि आंदोलनाच्या केसेस

अर्जावरचा पत्ता तुम्ही आज जिथं राहता तोच हवा. चंदगड-आजऱ्याची पोरं नोकरीला पुण्यात, आधार गावचं, आणि अर्ज गावच्या पत्त्यावर. पोलीस घरी येतात, म्हातारी आई खरं तेच सांगते, ‘पोरगा पुण्याला असतोय’, आणि ‘या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा पडतो. पुण्यात राहत असाल तर पुण्याचा पत्ता द्या, त्याचा पुरावा जोडा.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यात फार लागू पडते. ऊसदराच्या आंदोलनात, टोलविरोधी आंदोलनात कितीतरी साध्या माणसांवर गुन्हे नोंदले गेले. त्यातले बरेच जण ते विसरूनही गेलेत. अर्जात ‘न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित आहे का’ असं विचारतात. केस चालू असेल तर ‘होय’ लिहा. लपवलं तर पडताळणीत ते निघतंच, आणि माहिती दडवणं हा पासपोर्ट कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. केस आहे म्हणून पासपोर्टचा रस्ता बंद होत नाही. 1993 च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणं, ज्या न्यायालयात खटला आहे तिथून परदेशी जायची परवानगी घेतली, तर पासपोर्ट मिळू शकतो, मात्र मुदत न्यायालय सांगेल तेवढीच. केस मागं घेतली गेली असेल तर त्या आदेशाची प्रत आणा. ‘साहेबांनी सांगितलंय, मिटली’ हा कागद नव्हे.

सरकारी नोकर आणि शिक्षकांनी आपल्या कार्यालयाला पूर्वसूचना देऊन तिची प्रत जोडावी. फाईल अडली तर पत्रव्यवहार पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाशी होतो. त्याचं पत्र आलं की दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, पत्र कपाटात ठेवू नका. आणि तत्काळचे पैसे भरले म्हणून न जुळणारी नावं जुळत नाहीत. तत्काळला कागदांची छाननी उलट जास्त असते.

दहावी नसलेल्यांनी घाबरू नये

दहावी नापास किंवा कमी शिकलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शिक्का येतो, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी लागते, आणि थायलंड त्या शिक्क्याच्या देशांच्या यादीत आहे. एवढं ऐकून काही एजंट बायाबापड्यांना भीती घालून पैसे काढतात. ती परवानगी नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागते. फिरायला जाणाऱ्याला परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जवळ ठेवलं की पुरतं. शिवाय पन्नाशी ओलांडलेले, स्वतःच्या नावावर आयकर भरणारे आणि अठराच्या आतली मुलं यांना शिक्का लागतच नाही. अर्ज भरतानाच तो पर्याय निवडा आणि पुरावा न्या.

थायलंडच्या बाजूनं काय लागतं

पासपोर्टची मुदत तिथं पोचायच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी. ‘अजून चार महिने आहेत की’ म्हणणाऱ्याला मुंबईच्या काउंटरवरूनच परत पाठवतात.

भारतीयांना नोव्हेंबर 2023 मध्ये 30 दिवसांची व्हिसामाफी मिळाली, ती 15 जुलै 2024 पासून 60 दिवसांची झाली. ही सवलत थाई सरकार देतं आणि बदलतं. म्हणून तिकीट काढायच्या दिवशी दिल्लीच्या थाई दूतावासाचं किंवा मुंबईच्या वाणिज्य दूतावासाचं पान स्वतः उघडून बघा. मागच्या वर्षी गेलेल्या भावकीतल्या माणसाच्या सांगण्यावर जाऊ नका.

1 मे 2025 पासून थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे टीडीएसी, सक्तीचं आहे. ते पूर्ण मोफत आहे आणि तो व्हिसा नव्हे. भरायचं ठिकाण ‘टीडीएसी डॉट इमिग्रेशन डॉट गो डॉट टीएच’. पैसे मागणारं पान दिसलं तर ते सरकारी नाही. प्रत्येक माणसाचं कार्ड वेगळं, कडेवरच्या बाळाचंही.

मुदत सगळ्यात जास्त इथं चुकते. थायलंडमध्ये पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत हे कार्ड भरायचं असतं. मोजणी पोचण्याच्या तारखेपासून होते, घरातून निघण्याच्या तारखेपासून होत नाही. समजा, 12 तारखेला रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालात, 13 ला मुंबईत पोचलात आणि विमान त्याच रात्री साडेअकराचं आहे. तुम्ही फुकेतला उतराल 14 ला. कार्डावर पोचण्याची तारीख 14 टाकायची, 13 नव्हे. कार्ड 11 तारखेला कोल्हापुरातच, घरच्या वायफायवर भरा, क्यूआर कोड मोबाइलमध्ये जपून ठेवा आणि एक प्रिंट काढा. पत्त्याच्या जागी पहिल्या रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता द्या. तराफ्यावरच्या खोलीत दुसऱ्या रात्री जाणार असाल तर तो पत्ता इथं नको.

उद्यानाबद्दल, ठरवण्यापुरतं

फुकेत किंवा सुरत थानीहून रस्त्यानं जाता येतं. एक गैरसमज मात्र हमखास होतो. उद्यानाचं मुख्य प्रवेशद्वार ख्लोंग सोक गावाजवळ आहे आणि तलावाचा धक्का धरणापाशी, तिथून साधारण 65 किलोमीटरवर. हॉटेल ‘उद्यानाजवळ’ घेतलं म्हणजे तलावाजवळ घेतलं असं होत नाही. बुकिंग करताना नकाशा उघडून बघा. प्रवेश तिकिटात परदेशी माणसाचा दर वेगळा असतो. होडी आणि तराफ्यावरचा मुक्काम यांचे पैसे निराळे.

डिसेंबर ते एप्रिल हा त्यातल्या त्यात कोरडा काळ. दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणणाऱ्यांनी पावसाची तयारी ठेवावी. पावसाळ्यात नाम तालू गुहा बंद असते. 2007 च्या ऑक्टोबरमध्ये या गुहेत अचानक पाणी भरून पर्यटक आणि त्यांचे वाटाडे दगावले होते. तेव्हा पैसे घेऊन ‘नेतो की’ म्हणणारा कुणी भेटला तरी जाऊ नका. होडीत लाइफ जॅकेट घाला, पोहता येत असलं तरी.

थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायचं प्लास्टिक आणि थर्माकोल नेता येत नाही. शेंगदाण्याची चटणी, चिवडा, दशम्या न्यायच्या असतील तर स्टीलच्या डब्यात घ्या. ई-सिगारेट तर देशात आणायलाच बंदी आहे, तरुण मुलांच्या बॅगा निघायच्या आधी बघा. ड्रोन नेणार असाल तर त्याची तिथल्या सरकारकडं आधी नोंदणी लागते आणि उद्यानाची परवानगी वेगळी. एवढं करायला वेळ नसेल तर ड्रोन घरीच ठेवा.