शांत गल्लीत कान काय करतात

पुण्याच्या नारायण पेठेतला वाडा सोडून आम्ही एरंडवण्यात, प्रभात रस्त्याच्या एका आतल्या गल्लीत राहायला आलो, त्या पहिल्या रात्री घरात कुणालाच धड झोप लागली नाही. पेठेत खिडकीखालून रात्री उशिरापर्यंत रिक्षा जायच्या, पहाटे दुधाचे क्रेट आदळायचे आणि आम्ही सगळे गाढ झोपलेले असायचो. इथे साडेनऊलाच गल्ली चिडीचूप. आई अंथरुणात उठून बसली. "अरे, त्या फ्रिजला काय झालंय? किती घुरघुरतोय!"

फ्रिजला काहीही झालं नव्हतं. अकरा वर्षं तो तसाच घुरघुरत होता.

पेठेतल्या माणसाला हे भिडे पुलावरून पटकन कळेल. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की मुठेवरचा हा बुटका पूल बुडतो. पूल तिथेच असतो, फक्त दिसत नाही. मोठा आवाज लहान आवाजाला असाच बुडवतो. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. फ्रिजची घरघर साधारण ४० डेसिबलची. रस्त्यावरची वर्दळ ६०-६५ च्या पातळीवर वाहत असेल, तर ती घरघर पाण्याखाली. डेसिबलचं गणितही चकवणारं आहे. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते, पण कानाला तो आवाज साधारण दुप्पटच वाटतो. आपल्याकडच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती पाळली जाते का, हे सप्टेंबरात विचारू नये.

पाणी ओसरलं की जे उघडं पडतं, त्याला कान आणखी फुगवतात. मुळात कान हे फार हावरट यंत्र आहे. शून्य डेसिबल म्हणजे निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज. त्यात हवेचा दाब जेवढा हलतो, तो आपल्याभोवतीच्या एकूण हवेच्या दाबाचा सुमारे ५०० कोटीवा भाग असतो. त्या वेळी कानाचा पडदा हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाहूनही कमी अंतर हलतो. तरी मेंदूपर्यंत निरोप पोचतो.

आणि निरोप आलाच नाही तर? १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकी संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. खोलीत ऐकण्याजोगं काहीच नव्हतं. तरी ९४ टक्के लोकांनी काही ना काही लिहिलं: गुणगुण, शीळ, रातकिडे. आत येणारा आवाज घटला की मेंदूतली श्रवणयंत्रणा आपला 'व्हॉल्यूम' वाढवते, असा याचा एक अर्थ लावतात. २००३ मधल्या एका प्रयोगात लोकांना दोन आठवडे कानांत बोळे घालून ठेवलं. बोळे काढल्यावर तोच आवाज त्यांना पूर्वीपेक्षा मोठा वाटू लागला. उलट ज्यांच्या कानात सतत हलकी खरखर सोडली होती, त्यांना तो लहान वाटू लागला.

शांत वस्तीतल्या सोसायट्यांच्या मीटिंगा इतक्या कडाक्याच्या का होतात, याचं उत्तर मला इथे सापडल्यासारखं वाटतं. वाड्यात शेजारचा मिक्सर कुणाच्या गावीही नसायचा. इथे वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी चिठ्ठी येते. माणसं काही वाईट नाहीत. फक्त त्यांचे कान मोठे झालेत.

गल्ली मुळात शांत कशी? विचारलं की सगळे झाडांकडे बोट दाखवतात. झाडं सुंदर आहेत, असावीतच, पण आवाजाच्या बाबतीत त्यांना फुकटचं श्रेय मिळतं. रस्त्याकडेच्या एका ओळीने आवाज जवळपास कमी होत नाही. जाणवण्याइतका फरक पडायला दहा-वीस मीटर रुंद, दाट पट्टा लागतो. खरं काम करतात त्या मोठ्या रस्त्याला तोंड करून उभ्या असलेल्या इमारती. त्या स्वतः मार खातात आणि मागच्या गल्लीला आवाजाच्या सावलीत ठेवतात. उरलेलं काम अंतर करतं, तेही कंजूषपणे. सतत वाहत्या रस्त्यापासून दुप्पट लांब गेलात, तर जेमतेम तीनच डेसिबल घटतात.

ही सावली सगळ्या आवाजांना सारखी लागू नाही. वरच्या पट्टीच्या आवाजाच्या लहरी आखूड असतात. १००० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांची, लहर जेमतेम ३४ सेंटिमीटरची. ती भिंतीपाशी अडते. ५० हर्ट्झची लहर जवळजवळ सात मीटर लांब. तिला इमारत म्हणजे वाटेतला खांब, वळसा घालून ती पुढे जाते. म्हणून गणपतीत दूरच्या मिरवणुकीतलं गाणं कुठलं ते आम्हाला कळत नाही, नुसतं धम् धम् छातीत वाजतं.

आईचा फ्रिजही याच जातीचा. त्याच्या घुरघुरीतला मोठा हिस्सा १०० हर्ट्झच्या आसपासचा, लहर सुमारे साडेतीन मीटरची. खोलीच्या मापाशी ती जुळते, भिंतीवर आपटून परतते, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या लहरी मिळून कुठे आवाज फुगतो, कुठे विरतो. फुगलेली आणि विरलेली जागा यांत अंतर असतं मीटरभराहून कमी. आईला मी उशी पायथ्याशी घ्यायला सांगितली. "दक्षिणेकडे पाय होतील," म्हणून तिने आधी नकार दिला, मग डोकं ठेवून पाहिलं. घुरघूर निम्म्यावर आली.

डिसेंबरात वेगळंच सुरू झालं. रात्री दोनच्या सुमाराला शिवाजीनगरच्या बाजूने रेल्वेचा भोंगा ऐकू यायला लागला, तोही इतका स्वच्छ की रूळ मागच्या गल्लीतच असावेत. गाडी पावसाळ्यातही जात होतीच. उन्ह असताना जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची थंड असते. गरम हवेत ध्वनी जास्त वेगाने जातो, त्यामुळे त्याची वाट वर आकाशाकडे वाकते. हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आधी गार होते आणि हवेची उतरंड उलटी होते: खाली थंड, वर उबदार. मग निसटू पाहणारा आवाज वरून खाली वाकतो आणि इमारतींवरून उडी मारून आपल्या अंथरुणात येतो. 'थंडीत आवाज लांब जातो' असं आजी म्हणायची, ते यामुळेच.

झोपेतही कानांना दार नाही. ते ऐकत राहतात, मेंदू फक्त चाळणी लावतो. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या एका प्रयोगात झोपलेल्यांना नावांची यादी ऐकवली, तेव्हा स्वतःच्या नावाला त्यांचा प्रतिसाद इतर नावांपेक्षा ठळक होता. पेठेतल्या रिक्षा आमच्या चाळणीतून गळून गेल्या होत्या. इथल्या वॉचमनची काठी अजून गळायची होती. तिला तीन आठवडे लागले. पण 'सवय होते' हे अर्धंच खरं. जाग येणं थांबलं, तरी प्रत्येक मोठ्या आवाजाला झोपलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके वाढायचे ते वाढतातच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये रात्रीच्या रहदारीसाठी ४५ डेसिबलची शिफारस केली, ती रहदारीने झोप बिघडते या पुराव्यांवरून.

आता आम्हाला छळणारा एकच आवाज उरला आहे, न्हाणीघरातला नळ. टप्. टप्. तो थेंब पाण्यावर आपटल्याचा आवाज, असं मी समजत होतो. केंब्रिज विद्यापीठातल्या अनुराग अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये वेगवान कॅमेरा आणि मायक्रोफोन लावून पाहिलं, तर आपटणं जवळजवळ मूक निघालं. थेंबाने पाण्यात खड्डा पडतो, तो भरून येताना तळाशी हवेचा एक इवलासा बुडबुडा अडकतो आणि तो थरथरून पाण्याचा पृष्ठभाग हलवतो. टप् म्हणतो तो बुडबुडा. पाण्याचा पृष्ठताण बदलला, तर तो बुडबुडा अडकतच नाही. आणि पृष्ठताण बदलायला भांडी घासायचा लिक्विड सोप पुरतो.

प्लंबर गुरुवारी येतो म्हणाला होता, तो मागचा गुरुवार. तोवर झोपण्याआधी बादलीत साबणाचे दोन थेंब टाकायचं काम आईने स्वतःकडे घेतलं आहे.