चार मीटर उंच टायरचं करायचं काय?

चिलीच्या अटाकामा वाळवंटात, तांब्याच्या खाणींत धावणाऱ्या सर्वांत मोठ्या डंपरचा एक टायर चार मीटर उंच आणि पाच टनांच्या आसपास वजनाचा असतो. एका डंपरला असे सहा. निकामी झालेले टायर वर्षानुवर्षं खाणीच्या कडेलाच साठत राहिले. शेवटी सरकारनं नियम केला: ५७ इंच किंवा त्याहून मोठ्या रिमचे २५ टक्के टायर २०२३ पासून, ७५ टक्के २०२७ पासून आणि २०३० पासून झाडून सगळे उपयोगात आणायचे. जबाबदारी टायर बाजारात आणणाऱ्यांची.

पण कसे? रबर प्लॅस्टिकसारखं वितळवून पुन्हा ओतता येत नाही. टायर बनवताना गंधकानं रबराच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना पक्क्या जखडलेल्या असतात. त्याच जोरावर टायर शंभरेक टनांचा भार पेलतो आणि त्याच कारणानं नंतर डोकेदुखी होतो.

माझ्या मते पहिला प्रश्न रसायनाचा नाहीच, वाहतुकीचा आहे. अख्खे टायर ट्रेलरवर चढवले की भाडं बहुतेक मधल्या पोकळीचंच भरावं लागतं. म्हणून खाणीवरच कडेचं तारांचं जाडजूड कडं उपसून, हायड्रॉलिक कात्रीनं तुकडे करणं परवडतं. त्याआधी रिमोल्डिंग, म्हणजे झिजलेल्या टायरवर रबराचा नवा थर चढवणं, जमतं का ते पाहावं. मात्र धारदार दगडानं बाजू फाटली असेल तर बहुधा नाहीच.

तुकड्यांची भुकटी करणं मला सगळ्यांत पटतं. हे टायर आतून तापू नयेत म्हणून त्यांत नैसर्गिक रबर भरपूर घालतात, आणि सांगाडा पोलादाचा असतो. चुंबकानं तारा ओढल्या की बऱ्यापैकी स्वच्छ भुकटी हाती येते. ती डांबरात किंवा रबरी चटयांत जाते. अडचण एकच: जवळपास गिऱ्हाईक हवं.

ते नसेल तर पायरॉलिसिस. हवा न लागू देता ४००-५०० अंशांना तापवलं की तेल, गॅस, पोलाद आणि काळी पूड मिळते. गॅस बहुधा त्याच भट्टीत जाळतात. काळ्या पुडीत टायर बनवताना रबरात मिसळलेल्या काजळीबरोबर जस्त आणि इतर राखही उतरते, त्यामुळे ती शुद्ध केल्याशिवाय टायरवाले सहसा घेत नाहीत. आणि यंत्रणा गचाळ असली की धूर आजूबाजूच्या गावांच्या वाट्याला येतो. भारतानं २०२२ मध्ये पायरॉलिसिसचं तेल काढण्यासाठी जुने टायर आयात करायला बंदी घातली.

सिमेंटच्या भट्टीत जाळले तर उष्णता कोळशाच्या तोडीची मिळते, तारांतलं लोखंडही सिमेंटमध्ये मुरतं. पण इतकं चांगलं रबर एकदाच जळून संपतं, म्हणून हा पर्याय मी सगळ्यांत शेवटी ठेवेन.